ही मी का ताई?

मशीनवर बसण्याआधी मामी रोज एक लोहचुंबक जमिनीवरून फिरवायची. नालेच्या आकाराचं, लाल रंग उडालेलं, जुन्या नाडीला बांधलेलं. खुर्चीवर बसूनच ती ते खाली सोडायची आणि मशीनभोवती, टेबलाखाली, दारापर्यंत हळूहळू ओढत न्यायची, जणू एखाद्या म्हाताऱ्या मांजराला फिरवून आणतेय. चुंबकाला टाचण्या चिकटायच्या, कधी सुई, कधी हूक. त्या एकेक काढून ती टाचण्यांच्या उशीत टोचायची आणि मग पायपट्टीवर पाय ठेवायची. मुली मोठ्या होऊन घराबाहेर पडल्या, घरात अनवाणी धावणारं कोणी उरलं नाही, तरी हे चालूच होतं. मामा म्हणायचा, "अगं, आता टोचली तर मलाच टोचेल." मामी म्हणायची, "म्हणूनच तर घाई करत नाही."

लोक तिला शिवणकाम करणारी म्हणत, पण मामी शिवण्यापेक्षा उसवायचीच जास्त. वळणावरच्या लाँड्रीत, वाफेची इस्त्री आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांत टांगलेले कोट यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तिचं मशीन होतं. दाराची घंटी वाजली की मान वर न करता ती विचारायची, "सैल की घट्ट?" पॅन्टची उंची कमी करणं, कंबर वाढवणं, झिजलेली कॉलर उलटी करून लावणं, बिघडलेली चेन बदलणं, हे तिचं काम. गिऱ्हाइकांची नावं तिच्या लक्षात राहत नसत. "तो नाही का, डावा खांदा उतरता असलेला," असं ती मामाला सांगायची आणि इतक्या वर्षांच्या सवयीने मामालाही तो कळायचा. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिने मशीन घरी आणून पुढच्या खोलीत खिडकीशी ठेवलं. लाँड्रीवाला संध्याकाळी गाठोडं पोचवायचा, आणि दर वेळी दारात रेंगाळून म्हणायचा की तुमच्यावाचून दुकान उघडंबोडकं दिसतं. मामी म्हणायची, "मग पडदा लावा. शिवून देते."

तिचं सगळ्यात आवडतं काम म्हणजे लहान मुलांचे कपडे वाढवणं. शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात त्याला माया म्हणतात. मामी मुलांच्या कपड्यांत ती इतकी सोडायची की फ्रॉक हातात घेतला तर दिसतो त्यापेक्षा जड लागायचा. तिला मुली दोन. थोरलीला आम्ही सगळे ताई म्हणायचो. धाकटी गालात घास धरून घरभर हिंडायची म्हणून खारुताई. पण घरात एक ताई आधीच होती, म्हणून मग नुसती खारू. नवा फ्रॉक ताईसाठी शिवला जायचा. ताई वाढली की खालची दुमड सोडली जायची. तरीही फ्रॉक पुरेना झाला की तो धुऊन, इस्त्री करून वरच्या फळीवर जायचा आणि खारू तिथपर्यंत येण्याची वाट बघायचा.

मामा विजेच्या मीटरचे आकडे टिपत दारोदार फिरायचा. ताई चालायला लागली तेव्हा त्याने कचेरीतल्या एकाकडून जुना डिजिटल कॅमेरा घेतला. त्याच्या आतला सेल मेलेला होता, त्यामुळे बॅटरी बदलली की त्याचं घड्याळ पुन्हा पहिल्या तारखेला जाऊन बसायचं, त्याच एका जानेवारीच्या. त्या कॅमेऱ्याच्या हिशेबाने आमच्या घरातलं सगळं आयुष्य एकाच दिवसात उरकलं होतं. शिवाय बटण दाबल्यावर तो जरा विचार करून मग फोटो काढायचा, आणि तेवढ्यात मुली वळलेल्या असायच्या. मामाच्या फोटोंत वेण्या आहेत, टाचा आहेत, पळणाऱ्या फ्रॉकचे घेर आहेत. चेहरे तुरळक.

फोटो जपायचे म्हणजे ते आणखी एका ठिकाणी उतरवून ठेवायचे, अशी मामाची समजूत. त्यामुळे कॅमेऱ्यातले फोटो कॉम्प्युटरवर, तिथून सीडीवर, तिथून कुठल्यातरी पेनड्राइव्हवर, मग फोन आले तसे एका फोनमधून दुसऱ्यात, असे ते वर्षानुवर्षं घरात पसरत गेले. फोल्डरांना त्याने नावं दिली होती: 'नवीन', 'नवीन नवीन', 'हे खरं' आणि 'हात लावू नये'. कुठे काय आहे ते त्यालाही ठाऊक नव्हतं, पण खूप आहे एवढं ठाऊक होतं आणि तेवढ्यावर तो खूश होता.

हे असंच राहिलं असतं. पण खारूच्या ऑफिसात एक खेळ निघाला. प्रत्येकाने लहानपणीचा एक फोटो पाठवायचा, ते भिंतीवर लागणार, आणि कोण कोणाचं ते बाकीच्यांनी ओळखायचं. तिने घरी फोन केला. मामाने हाताला लागला तो फोटो पाठवला: चौकडीचा फ्रॉक, कपाळावर आलेले केस, दाराच्या चौकटीला टेकलेली मुलगी. सगळ्यांनी तो खारूचा म्हणून बरोबर ओळखला. तिने कौतुकाने ताईला दाखवला, तर ताई म्हणाली, "अगं, ही मी आहे."

त्या रविवारी खारू जेवायला आली होती. हे सांगताना ती खूप हसली. मग पाणी प्यायली आणि म्हणाली, "म्हणजे माझा असा एकही नाही. असू दे. धाकट्यांचं असंच असतं."

मामी ताटं उचलत होती. पण त्या 'असू दे'ने तिला धरलं. खारूला दूरच्या देशात नोकरी लागली होती, महिनाभरात ती जाणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच मामीने मला बोलावलं. माझी परीक्षा नुकतीच संपली होती आणि आमची घरं एकाच गल्लीत.

"तुझ्या मामाने जे काय जिथे जिथे ठेवलंय ते सगळं एका जागी आणायचं," ती म्हणाली. "आणि त्यातून खारूचे वेगळे काढायचे. जाताना तिच्या हातात द्यायचेत."

"आणि नसले तर?"

"असतील," मामी म्हणाली, आणि चुंबकाची नाडी बोटाला गुंडाळत राहिली.

शोधाशोध सुरू झाली. पहिलं मेमरी कार्ड बटणांच्या डब्यात निघालं. मामीकडे बटणांचे डबे पुष्कळ, रंगाप्रमाणे लावलेले. हे काळ्या बटणांत होतं. "काळं होतं म्हणून काळ्यात ठेवलं," मामा म्हणाला. मग आम्ही सगळे डबे चादरीवर ओतले आणि निळ्यांतही एक सापडलं. तीन जुने फोन पलंगाखालच्या बॅगेत होते. एक पेनड्राइव्ह दाराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात लोंबत होता आणि मामा कित्येक वर्षं तो खिशात घेऊन मीटर बघत हिंडला होता. सीड्यांचा पत्ता मात्र लागेना. शेवटी मामी खिडकीकडे बघत राहिली. कबुतरं बसू नयेत म्हणून गजांना दोऱ्याने चकचकीत तबकड्या टांगल्या होत्या.

"अहो," ती म्हणाली, "ह्या कोऱ्या होत्या ना?"

मामाने एक उतरवून उन्हात धरली. त्यावर त्याच्याच अक्षरात पुसट 'हात लावू नये' लिहिलेलं होतं. "कबुतरांनी तरी ऐकलं," तो म्हणाला. मामी हसली नाही. त्या तबकड्यांमधून पुढे काहीच निघालं नाही. उन्हाने त्यांचा पापुद्रा सुटला होता.

जुना कॉम्प्युटर आम्ही रिक्षात मांडीवर घेऊन दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो अबोल, बारीक मिशीचा माणूस. त्याने झाकण उघडून आतली धूळ फुंकली, कान लावला आणि म्हणाला, "मशीन गेलं. डिस्कमध्ये अजून धुगधुगी आहे." मामी त्याच्याकडे डॉक्टरकडे बघावं तशी बघत होती. आठवड्याने त्याने सगळं एका नव्या डिस्कवर उतरवून दिलं आणि बजावलं, एकाच ठिकाणी ठेवू नका. एक घरात, दुसरी घरातच पण वेगळ्या जागी, आणि एक घराबाहेर कोणाकडे तरी. आग आहे, पाणी आहे, चोर आहे.

"आणि नवरा आहे," मामी म्हणाली. तो माणूस पहिल्यांदा हसला.

परत येताना मला वाटलं, तीन-तीन कशाला, असं ती म्हणेल. पण ती म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. एकच ठेवणं म्हणजे माया न सोडता शिवणं. एकदा उसवलं की हातात काय राहतं?" डिस्कची डबी तिने आमटीचा डबा धरावा तशी दोन्ही हातांत सपाट धरली होती. घरी आल्यावर मी तिला सांगितलं की लोहचुंबक हिच्याजवळ नको. तिने ते तेव्हाच्या तेव्हा नेऊन स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलं.

मग माझं काम. आधी दुहेरी-तिहेरी प्रती काढायच्या. मामाने एकेक फोटो इतक्या ठिकाणी जपला होता की ढीग उपसून उपसून निम्म्याहून कमी झाला. तारखांचा उपयोग नव्हता, सगळं त्या एका जानेवारीतलं. म्हणून मी चेहरे ओळखणारा एक प्रोग्रॅम लावला. तो माणसांचे गठ्ठे करतो, पाठमोऱ्यांनाही कपड्यांवरून जमेल तिथे बसवतो, आणि शंका आली की दोन चित्रं शेजारी ठेवून विचारतो, ही दोन्ही माणसं एकच आहेत का? दुपारभर तो चालणार होता.

"मलाही काहीतरी काम द्या," मामा म्हणाला. मी त्याला खुर्चीत बसवलं, हो आणि नाही कुठे दाबायचं ते दाखवलं, आणि मामीला गाठोडं पोचवायला मदत हवी होती म्हणून लाँड्रीत गेले. तिथे लाँड्रीवाल्याने आम्हाला बसवून घेतलं. परत आलो तेव्हा मामा चष्मा पुसत होता, परीक्षेत सगळे प्रश्न सोडवलेल्या मुलासारखा.

"झालं," तो म्हणाला. "एकालाही अडलो नाही."

ताईचा गठ्ठा भला मोठा निघाला. खारूचा उघडला. पाळण्यातले थोडे फोटो, मूठभर चेहऱ्याचे, ते कोणाचेही चालले असते. आणि त्यानंतर थेट शाळेचा गणवेश, पुढचे दात पडलेले. मधलं काहीच नाही. चालायला लागलेली, बोलायला लागलेली, गालात घास धरून हिंडणारी खारू त्या सगळ्या ढिगात कुठेच नव्हती.

मामी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. तिने मला पुन्हा पहिल्यापासून दाखवायला लावलं. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ.

मी मागोमाग गेले तर ती रिकामं पातेलं विसळत होती.

"ती वर्षं माझ्याही डोक्यात नाहीत गं," ती म्हणाली. "तेव्हा मी दोन ठिकाणी काम करत होते. सकाळी निघताना ही झोपलेली, आले की झोपलेली. केसांवरून हात फिरवायचे, की झाली भेट. ताईच्या वेळी मी घरी होते. तिचं पहिलं पाऊल कुठल्या फरशीवर पडलं ते सांगेन. हिचं नाही सांगता येत." तिने पातेलं पालथं घातलं. "मला वाटायचं, मी नाही तर निदान यांनी तरी बघितलं असेल. आता ती विचारेल तेव्हा काय दाखवू? मी बघितलंच नाही तुला, असं सांगू?"

बाहेरून मामा म्हणाला, "अगं, चहा टाकतेस का?" आणि ती म्हणाली, "टाकते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोचले तेव्हा तिचं मशीन चालू होतं. "ताईचे तरी लाव," ती म्हणाली. "हात चालवता चालवता बघते." मी ताईचा गठ्ठा एकामागून एक पडद्यावर येईल असा सोडला आणि शेजारी बसून मामाने फोल्डरांना दिलेली नावं दुरुस्त करू लागले. मशीनचा आवाज, मध्येच कात्रीचा, पुन्हा मशीनचा. पडद्यावर ताई पळत होती, ताई रुसली होती, ताई टेबलाखाली होती.

मशीन थांबलं.

"मागे घे," मामी म्हणाली.

मोरीतला फोटो होता. पालथ्या बादलीवर उभी राहून एक मुलगी नळाखाली चमचे धूत होती. पाठमोरी. तोच चौकडीचा फ्रॉक.

"मोठं कर. वर नको. खाली, घेर दाखव."

मी घेर मोठा केला. चौकड्या पसरट, दाणेदार झाल्या. मामी उठून पडद्याजवळ आली आणि गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. फ्रॉकच्या कडेच्या वर चार बोटांवर, चौकडीची एक ओळ नीट जुळत नव्हती. तिथे कापड आडवं दुमडून त्यावर टीप मारलेली होती.

"ही दुमड ताईच्या वेळी नव्हती," ती म्हणाली. "ताईला तो बरोबर होता. हिला पायात यायचा. कापायचं जिवावर आलं, पुढे वाढेल म्हणून मध्येच वर उचलून टीप मारली." तिने बोट त्या रेघेवरून फिरवलं. "घाईत मारलीय. बघ, डावीकडे वाकडी गेलीय. ही खारू आहे."

मामा वर्तमानपत्र घेऊन आत आला. "कोण? ही? फ्रॉक ताईचा आहे तो."

"फ्रॉक ताईचा. आत खारू आहे."

"मी स्वतः हो म्हटलंय."

"चेहरा बघितलात?"

"चेहरा कुठे दिसतोय? फ्रॉक दिसतोय म्हणून तर फ्रॉक बघितला."

"अहो, तुम्ही आयुष्यभर मीटर बघितलेत," मामी म्हणाली, "घर कोणाचं ते कधी बघितलंत का?" आणि ती खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली. त्या दिवशी लाँड्रीवाला गाठोडं न घेताच परत गेला.

त्यानंतर रोज दुपारी आम्ही ताईच्या गठ्ठ्यातून खारूला काढत होतो. एकदा सापडल्यावर ती जागोजागी भेटू लागली. जिन्यावर पाय पसरून बसलेली. कपाटाच्या दाराआड. मामाच्या बुटांत. मामी आधी दुमड बघायची, मग बटणं; खारू बारीक, म्हणून तिच्यासाठी बटणं आत सरकवलेली असायची आणि जुन्या जागी धाग्याचे ठिपके उरायचे. पिवळ्या फ्रॉकला खारूच्या हट्टासाठी मागाहून एक खिसा लावला होता, बिस्किट ठेवायला. थोड्याच दिवसांत तिला काही बघावं लागेना, पडद्यावर फोटो पुरता यायच्या आधीच ती म्हणायची, "ही. ही पण."

ताईला कळलं तेव्हा तिचा फोन आला. "माझ्यातून कोणाला काढताय म्हणे? आता माझे उरलेत तरी का?"

"आहेत, आहेत," मामी म्हणाली. "तुझे सरळ उभे राहिलेले सगळे तुझेच."

"आणि वेडेवाकडे?"

"ते तुझ्या बहिणीचे."

मामीचंही चुकायचं. एका फोटोवर ती अडून बसली, खिडकीशी उभी असलेली, पिवळ्या बाहीची. खारूच, पैज लावा. मामाने वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि म्हणाला, "भिंत बघ. हिरवी आहे. हिरवी होती तेव्हा खारू जन्मली नव्हती. रंग बदलला तो तिच्या जन्माआधी." मामीने फोटो ताईच्या गठ्ठ्यात परत टाकायला लावला. मामाने तो विजय आठवडाभर पुरवून वापरला, भाजीत मीठ कमी पडलं तरी तो म्हणायचा, "भिंत बघ."

आणि काही फोटो राहिलेच. रेनकोट दोघींचा एकच होता, त्याला दुमड नव्हती. काहींत नुसते केस, नुसता हललेला हात. मामी ते पुन्हा पुन्हा बघायची, एकदा हिचा म्हणायची, एकदा तिचा, आणि अस्वस्थ व्हायची. मी म्हटलं, यांचा वेगळा फोल्डर करू. नाव काय देऊ?

"दोघी," ती म्हणाली.

खारू जाण्याआधीच्या रविवारी आली. बॅगा भरून झाल्या होत्या, डोक्यात शंभर कामं. मामीने आधी तिच्या नव्या कोटाच्या बाह्या वर करून दिल्या, मग कात्री हातातच ठेवून म्हणाली, "जरा इथे बस." डिस्क मी लावून ठेवली होती.

पहिल्यांदा ती पटापट बघत गेली. मग हळू. बादलीवरची मुलगी आली तेव्हा म्हणाली, "ही मी?"

"तूच."

"कशावरून?"

मामीने दुमड दाखवली. खारू पडद्यात वाकून बघत राहिली. मग पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे. मामी टेबलाच्या कडेशी उभी होती आणि मुलीच्या चेहऱ्याकडे बघत होती. पडद्याकडे तिने एकदाही बघितलं नाही.

"आई," खारू म्हणाली, "हा तुझा हात आहे."

पुढच्या खोलीतला फोटो होता. खारू स्टुलावर उभी, हात दोन्ही बाजूंना ताठ. कडेला, चौकटीच्या आत अर्धवट आलेला एक हात, बोटांत टाचणी. पुढच्या फोटोत गुडघा. त्याच्या पुढच्यात अर्धा चेहरा, ओठांत टाचण्या धरलेल्या, नजर घेराच्या कडेवर.

"ताईच्या फोटोंत तू नाहीयेस," खारू म्हणाली. "माझ्यात सगळीकडे आहेस. अर्धी अर्धी."

"मग?" मामा म्हणाला. "तू काय थांबायचीस कधी? रविवारी ही तुला स्टुलावर उभी करून कपडे बेतायची, तेवढाच वेळ एका जागी असायचीस. तेवढ्यातच मला सापडायचीस. ही काही बाजूला सरकायची नाही. सांगून दमलो."

इतके दिवस आम्ही ते फोटो बघत होतो, आणि मामी फक्त कापड बघत होती. आता तिने पडद्याकडे बघितलं. स्वतःकडे, त्या काळ्याभोर केसांच्या, ओठांत टाचण्या धरलेल्या बाईकडे, ती अनोळखी असल्यासारखी बघत राहिली.

"खांदे उतरते होते तुझे," ती शेवटी म्हणाली. "फ्रॉक काही केल्या बसत नव्हता."

खारूने तिच्या कंबरेला मिठी मारली आणि डोकं तिच्या पोटाशी टेकवलं, बसल्या बसल्याच. मामीने एक हात तिच्या केसांत घातला. दुसऱ्या हातात कात्री होती, ती तिने हळूच टेबलावर ठेवली.

तीन प्रती झाल्या. एक मामीच्या कपाटात सुती कापडात गुंडाळून, एक माझ्याकडे, एक खारूबरोबर विमानात. माझ्याकडच्या प्रतीसाठी मामीने जुन्या कोटाच्या अस्तराची पिशवी शिवून दिली, नाडी ओढायची. मामाला कुठल्याच प्रतीला हात लावायची मुभा नव्हती. त्याने फोनवर नवे फोटो काढायला सुरुवात केली, आणि ते मी दर महिन्याला इथल्या दोन्ही प्रतींत उतरवून घेऊ लागले, आणि खारूलाही पाठवू लागले.

खारू तिकडे रमली. कामाचे तास लांब, थंडी फार. सुट्टीच्या दिवशी ती 'दोघी'मधला एक फोटो मामीला पाठवायची, फक्त एवढंच लिहून: ही मी का ताई? मामी तो दिवसभर बघायची. मशीनला फोन टेकवून ठेवायची, येता-जाता बघायची, मामाला भिंतीचा रंग विचारायची, आणि मग बोलून निरोप पाठवायची, कारण टाइप करायला तिला कंटाळा येई. कधी खारू, कधी ताई, कधी "नाही गं कळत, तू ठरव." अशा निरोपांत मग इतर गोष्टीही येत: लाँड्रीत नवी मुलगी ठेवलीय, तिला काजं करता येत नाहीत, तुझ्या बाबांनी कोणाचा तरी कुत्रा फिरवायला घेतलाय. खारू ते निरोप जपून ठेवायची. मीही ते उतरवून घेत गेले, फोटोंच्या शेजारी.

थंडी सरता सरता एका दुपारी मामी जरा पडते म्हणाली आणि उठली नाही. आजारी अशी नव्हती. मशीनच्या सुईखाली अर्धी उसवलेली पॅन्ट तशीच होती. लाँड्रीवाल्याने ती नेली नाही, कितीतरी दिवस.

त्या दिवशी सकाळीच खारूचा फोटो आला होता. दाराशी उभी असलेली एक मुलगी, मान वळलेली, चेहरा नाही, पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत. ही मी का ताई? मामीने या वेळी दिवसभर घेतला नाही, लगेचच सांगितलं. मागे मशीन थांबल्याचं ऐकू येतं, आणि मग तिचा आवाज.

"ही ताई. तुझे मोजे एवढे वर कधी राहिलेच नाहीत. आणि त्या कोटाचं वरचं बटण लावून घे, परवा बोलताना दिसलं मला, लोंबतंय."